बायफोकल

अकरावीच्या फॉर्मवर मी इलेक्ट्रॉनिक्ससमोर खूण केली.
बायफोकल विषय, दोनशे मार्क.
त्यापायी जीवशास्त्र सुटलं, आणि मराठीही.
बाबा म्हणाले, मराठी कायले सोडली?
मग नाकावरचा चष्मा काढून पुढे धरला,
बायफोकल म्हणजे मले वाटलं, हा.

चष्मा तेव्हा नवा होता.
बाबा घरोघरचे विजेचे मीटर वाचतात,
नंदनवनापासून पार खरबीपर्यंत.
आकडा खालच्या भिंगातून, कुत्रा वरच्या.
पहिल्याच आठवड्यात एका फ्लॅट स्कीमच्या जिन्यावर
पायरी दिसली तिथे नव्हती.
गुडघा सोलून घरी आले.
चष्मेवाला म्हणाला, डोळे नका फिरवू, मान हलवा,
पंधरा दिवसांत रेघ दिसेनाशी होते.

सकाळी सातला कॉलेज.
घोडमारे सर फळ्यावर लिहितात:
दिलेले. शोधायचे. सूत्र. म्हणून.
प्रत्येक ‘म्हणून’ला अर्धा मार्क,
तो गाळला की हातचा गेला.
पटावर एकाहत्तर, बाकांवर अकरा.
बाकीचे क्लासला असतात;
त्यांची हजेरी कशी लागते, ते विचारायचं नसतं.

संध्याकाळी मेंढेकाकांची अभ्यासिका,
महिना चारशे, टेबल सतरा, पंख्याखाली नाही.
डावीकडे तलाठी भरती, उजवीकडे पोलीस भरती,
दोघेही ओठ हलवत वाचतात.
अजनीकडून इंजिनाचा भोंगा आला
की सगळे एकदम मोबाइलवर वेळ पाहतात.
तिथे मी दुसरी वही उघडते.
तिला समास आखलेला नाही.

मे महिन्यात एक परीक्षा आहे, संख्याशास्त्राची.
कॉलेजात तिचं नाव कुणाला ठाऊक नाही.
शेजारच्या काकू विचारतात,
मग तू नीट देऊन राहिली की जेईई?
मी म्हणते, तसलंच काहीतरी.
दोन तासांत आठ प्रश्न असतात तिथे
आणि मला मंगळवारपासून एक सुटत नव्हता:
ओळीने सात आकडे घ्या, त्यांचे वर्ग करा, बेरीज करा.
ती बेरीज स्वतः कधीच वर्ग नसते. का?

का, हे बोर्ड विचारत नाही.
तरी पूर्वपरीक्षेत मी एक उदाहरण
दुसऱ्या वहीच्या वळणाने सोडवून बसले.
उत्तर बरोबर. लाल शाईत: पद्धत?
पाचापैकी दोन.
त्या रात्री दोन्ही वह्या दप्तरातच राहिल्या,
मी पाठीवर पडून
कूलरवर गुंडाळलेल्या ताडपत्रीकडे पाहत होते.

सुटला तो प्रॅक्टिकलला.
झेनर डायोडचा ग्राफ काढून झालेला,
जर्नलवर सही घ्यायला रांग,
आणि रांगेत उभ्याउभ्याच दिसलं,
मधला आकडा धरायचा.
त्याच्या वर्गाला सातने भागून तीन उरायला हवेत.
आणि वर्गाला सातने भागलं तर
शून्य उरेल, एक, दोन, चार,
तीन कधीच उरत नाही!
जर्नलच्याच मागच्या पानावर लिहून काढलं,
कठड्याला टेकवून, वाकडंतिकडं.

तिडके मॅडमनी नेमकं तेच पान उलटलं.
हे कोणत्या प्रॅक्टिकलचं?
सॉरी मॅडम, फाडते.
त्या वाचतच राहिल्या.
मागून कुणीतरी, चल न बे, म्हणालं.
मग त्यांनी माझंच पेन घेतलं, सही केली,
आणि त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या,
शेवटची ओळ राहिली. ‘म्हणून’.

मी ती रस्त्यात लिहिली, सिग्नलला,
सायकलच्या हँडलवर वही टेकवून.

बाबांना आता रेघ दिसत नाही म्हणे.
जिना उतरताना मात्र ते हनुवटी छातीला टेकवतात,
एकेक पायरी वरच्या भिंगातून पाहून घेतात
आणि एक हात कठड्यावर असतो.

मला अजून दिसते.